साखर संपते तिथून

सात हेक्टर म्हणजे साधारण सव्वासतरा एकर. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यात एवढी द्राक्षबाग असली तर गावात माणसाला बागायतदार म्हणतात, बँकेत खुर्ची मिळते. पण त्याच्या शेताच्या नावानं कोणी कायदा करत नाही. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या उत्तर काठावर, आँजे शहराच्या नैर्ऋत्येला, एवढ्याच जमिनीच्या तुकड्याला स्वतःचं कायदेशीर नाव आहे: कुले द सेराँ. त्या नावाची वाइन दुसऱ्या कुणालाच करता येत नाही, कारण ती सगळी जमीन एकाच घरची आहे. बाराव्या शतकात सिस्टर्सियन पंथाच्या मठवासीयांनी या उतारावर वेली लावल्या. त्यासाठी 1130 हे साल सांगितलं जातं, आणि तेव्हापासून ही जागा द्राक्षाचीच राहिली आहे.

तिथली वाइन पांढरी आणि कोरडी. जात एकच, शेनिन ब्लाँ. क्युर्नोन्स्की या टोपणनावानं लिहिणाऱ्या फ्रेंच खाद्यलेखकानं देशातल्या पाच सर्वोत्तम पांढऱ्या वाइन निवडल्या, तेव्हा माँराशे, शातो दिकेम, शातो-शालाँ आणि शातो ग्रिये यांच्या पंगतीत त्यानं कुले द सेराँला बसवलं. हा गृहस्थ जन्मानं आँजेचाच होता, त्यामुळे घरच्या वाइनला त्यानं झुकतं माप दिलं असेल असं म्हणायला जागा आहे. तरी त्याची यादी आजही उगाळली जाते. त्या पाचांत दिकेम तेवढी गोड, बाकीच्या कोरड्या.

कोरडी म्हणजे काय, हे आकड्यांत सांगणं सोपं आहे. युरोपच्या नियमाप्रमाणे एका लिटरमध्ये 4 ग्रॅमपर्यंत साखर उरली असेल तर वाइन कोरडी. आंबटपणा पुरेसा असेल तर ही मर्यादा 9 ग्रॅमपर्यंत जाते. चार ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही अख्ख्या लिटरभर वाइनमध्ये. वेलीवर पिकलेल्या द्राक्षाच्या रसात मात्र लिटरला दोनशे ग्रॅमच्या वर साखर असते. यीस्ट ती खातं, साधारण 17 ग्रॅममागे एक टक्का अल्कोहोल तयार होतं, आणि खायला काही उरलं नाही की ते तळाशी बसतं. वाइनमेकरनं मध्येच टाकी थंड करून किंवा यीस्ट गाळून हे काम थांबवलं तर गोडवा मागे राहतो. थांबवलं नाही तर वाइन कोरडी होते. म्हणजे कोरडेपणासाठी वरून काही घालावं लागत नाही.

मग कौशल्य कशात? साखर गेल्यावर मागे राहतो आंबटपणा, अल्कोहोल, थोडा कडवटपणा आणि सालीतून, मातीतून, हवेतून आलेला जो काही वास असेल तो. लिटरमागे पंधरा-वीस ग्रॅम साखर ठेवली तर हिरवट, कच्चा आंबटपणा बऱ्यापैकी झाकला जातो. उन्हानं थकलेलं, आंबटपणा गमावलेलं द्राक्षही चालून जातं. कोरड्या पांढऱ्या वाइनला ही सोय नाही, आणि लाल वाइनमध्ये सालीचं टॅनिन जी भरभक्कम चौकट देतं तीही नाही. त्यामुळे अशा वाइनचा खरा निर्णय तळघरात होतच नाही. तो बागेत होतो, घड कोणत्या दिवशी तोडायचा या एका प्रश्नावर. छोट्या घरगुती बागेबद्दल जे भारावून लिहिलं जातं, त्यात पुष्कळसा भाबडेपणा असतो. पण या एका बाबतीत छोटा बागवाला मोठ्या कारखान्यापेक्षा खरोखर वरचढ ठरू शकतो. तो थांबू शकतो. निदान थांबायची ऐपत असेल तर.

शेनिन ही जात या प्रश्नाला मुद्दाम अवघड करून ठेवते. ती फुटते लवकर, पिकते उशिरा. त्यामुळे वसंतातलं दव-हिम तिला गाठतं आणि शरदातला पाऊसही. एकाच घडात एक मणी पिवळाजर्द, तर शेजारचा अजून हिरवा, अशी तिची खोड. आंबटपणा मात्र भरपूर, आणि पिकत आल्यावरही तो टिकतो. म्हणूनच या एका जातीपासून फेसाळ, कोरडी, अर्धगोड आणि मधासारखी गोड अशा सगळ्या वाइन होतात. कुले द सेराँपासून नदी ओलांडून दक्षिणेला गेलं की लेयाँ नदीचं खोरं लागतं. तिथं सकाळचं धुकं आणि दुपारचं ऊन यांच्या मेळानं मण्यांवर बोट्रायटिस ही बुरशी चढते, मणी सुकतात, साखर दाटते आणि त्याच शेनिनची गोड वाइन बनते. कुले द सेराँ ज्या गावात येतं ते उत्तर काठावरचं साव्हेनिएरसुद्धा एके काळी गोड वाइनसाठीच नावाजलेलं होतं. कोरडेपणा तिथं नंतर रुळला.

साव्हेनिएरच्या उतारांवर माती फारशी नाहीच. वर पातळ थर, खाली शिस्टचा पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड आणि मध्येमध्ये ज्वालामुखीजन्य खडक. उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्यानं ऊन चांगलं मिळतं, नदीवरून येणारा वारा घड कोरडे ठेवतो. कुले द सेराँचा उतार काही ठिकाणी इतका खडा आहे की ट्रॅक्टर चालत नाही. घोड्यानं नांगरतात, बाकी हातानं. तोडणीही एका झटक्यात होत नाही. तीन-चार आठवड्यांत अनेक फेऱ्या होतात. तोडणारा माणूस घड उचलून खालून पाहतो, कारण सूर्याकडची बाजू आधी पिवळी पडते आणि सावलीची बाजू फसवते. सोनेरी झालेले घड कात्रीनं उतरवायचे, हिरवे ठेवायचे. एखाद्या मण्यावर बोट्रायटिसचा तपकिरी डाग दिसला तरी तो घेतात, कारण थोड्या प्रमाणात ती बुरशी कोरड्या वाइनलाही दाटपणा देते. चार दिवसांनी पुन्हा त्याच ओळीत, त्याच वेलीपाशी. अशा फेऱ्यांना मजुरी किती पडते हे कुठल्याही द्राक्षवाल्याला सांगावं लागणार नाही. वरून उत्पादन हेक्टरी वीस-पंचवीस हेक्टोलिटरच्या घरात, म्हणजे फ्रान्समधल्या सर्वसाधारण बागेच्या निम्म्याहूनही कमी.

ही जमीन जोली कुटुंबाकडे आली 1960च्या दशकाच्या सुरुवातीला. मुलगा निकोला जोली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात व्यवस्थापन शिकला, न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये जे. पी. मॉर्गन बँकेत नोकरीला होता. 1977मध्ये तो सगळं सोडून घरी परतला. त्यानंतरची हकिगत तो स्वतः अनेकदा सांगत आला आहे. सल्लागारांनी सुचवलं, आईची पद्धत जुनाट आहे, तणनाशक मारा, पैसे वाचतील. त्यानं मारलं. दोनेक वर्षांत मातीचा रंग बदलल्यासारखा वाटू लागला, बागेतले किडे आणि तित्तिरवर्गी पक्षी दिसेनासे झाले. याच सुमाराला रुडॉल्फ स्टायनरच्या शेतीविचारावरचं एक पुस्तक त्याच्या हाती पडलं. थोड्या जमिनीवर प्रयोग करून 1984पर्यंत त्यानं पूर्ण बाग बायोडायनॅमिक पद्धतीवर नेली, आणि पुढे या पद्धतीचा तो जगभरातला सर्वांत बोलका प्रचारक झाला. आता त्याची मुलगी व्हर्जिनी कामकाज पाहते.

स्टायनरनं 1924मध्ये शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानांतून ही पद्धत निघाली. गायीच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर पुरायचं, वसंतात काढून पाण्यात घुसळून शेतात शिंपडायचं, चंद्राच्या आणि राशींच्या हिशेबानं कामाचे दिवस ठरवायचे. युरोपातल्या शास्त्रीय वृत्तीच्या लोकांना हे ऐकून आजही हसू येतं. अमरावतीच्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत ज्यानं पिंपात ढवळलं आहे, त्या मराठी शेतकऱ्याला शेणाचं तेवढं नवल वाटणार नाही, शिंगाचं वाटेल. राशींचा प्रभाव सिद्ध झालेला नाही, हे स्पष्टच म्हटलं पाहिजे. पण जो माणूस वेलीवर काय दिसतंय हे पाहत रोज उतारावरून फिरतो, त्याची तोडणीची तारीख चुकण्याची शक्यता कमी असते, हा फायदा पद्धतीच्या तत्त्वज्ञानाशिवायही उरतो.

तळघरात जोली जवळजवळ काहीच करत नाहीत. बागेतून आलेलं यीस्ट, जुनी ओकची पिंपं, तापमानावर फारसं नियंत्रण नाही. अल्कोहोल सहज 14 टक्क्यांच्या पुढे जातं. बाटली उघडल्यावर पहिल्या पेल्यात वाइन अनेकदा बंद-बंद, जराशी ऑक्सिडाइज झाल्यासारखी वाटते. म्हणून आदल्या दिवशी उघडून ठेवा, असा त्यांचाच सल्ला असतो. याच कारणानं तिच्यावर टीकाही होते. एका बाटलीत क्विन्स, मेण, कॅमोमाइल, ओल्या दगडाचा वास आणि तोंडात बराच वेळ राहणारी आंबटसर धार. तर दुसरीत शिळपट सफरचंद. जी बाटली एवढ्या किमतीला मिळते, तिच्याकडून ग्राहकानं सातत्याची अपेक्षा धरली तर तो चुकत नाही. लहरीपणा हाच मोठेपणा, असं समजण्याची वाइनलेखकांची सवय या बाटलीनं बरीच पोसली आहे.

ल्वारच्याच काठानं पूर्वेला व्हूव्ह्रे गावात हीच जात चुनखडीवर वाढते, आणि तिथली घराणी साल पाहून ठरवतात: थंड वर्षी कोरडी, उबदार वर्षी गोड. दक्षिण आफ्रिकेत शेनिन सतराव्या शतकात डचांबरोबर पोहोचली आणि ‘स्टीन’ या नावानं तीनशे वर्षं नांदली. तीच ही जात, हे 1960च्या दशकात कुठे पक्कं झालं. तिथं तिचा मोठा वाटा ब्रँडी आणि स्वस्त वाइनमध्ये गेला, पण आज शेनिनची सर्वांत जास्त लागवड त्याच देशात आहे.

आणि तिसरा पत्ता नाशिकचा.

नाशिकमध्ये शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या जाती रुजवण्याचं श्रेय राजीव सामंत यांच्या ‘सुला’ला जातं. अमेरिकेतली ओरॅकल कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आधी आंबा आणि खायची द्राक्षं करून पाहिली, 1997मध्ये वाइनच्या वेली लावल्या आणि 2000मध्ये याच दोन जातींची पहिली वाइन बाजारात आणली. 2001मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. बघता बघता नाशिकच्या आसपास डझनावारी वायनरी उभ्या राहिल्या. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण ल्वारमधली वेल आणि नाशिकमधली वेल यांचं वर्ष वेगळं असतं. ल्वारमध्ये वेल हिवाळ्यात झोपते. नाशिकमध्ये, विसाव्या अक्षांशावर, ती झोपतच नाही. माणसालाच तिला वेळापत्रक लावून द्यावं लागतं. म्हणून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यावर काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, त्यावर घड येतो. मग डाऊनी आणि भुरी या बुरशीरोगांशी झगडत दिवाळी काढायची, डिसेंबर-जानेवारीत मण्यात पाणी उतरायची वाट पाहायची आणि जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तोडणी. जगातली बहुतेक द्राक्षं उन्हाळ्याच्या अखेरीला, हवा निवत असताना पिकतात. नाशिकची द्राक्षं उन्हाळ्याच्या तोंडावर, हवा तापत असताना पिकतात. सगळी मेख इथं आहे. रात्री थंड असतील तोवर मण्यातलं मॅलिक ॲसिड टिकतं. फेब्रुवारी सरून रात्री उबदार झाल्या की ते झपाट्यानं जळतं. साखर चढत राहते, आंबटपणा खाली घसरतो. साव्हेनिएरचा बागवाला आंबटपणा उतरण्याची वाट पाहतो; नाशिकचा बागवाला तो उतरायच्या आत तोडायची घाई करतो. जात एकच, प्रश्न एकच, घड्याळ उलटं.

निफाडचा पारा किती उतरला, ही दर थंडीत मराठी वर्तमानपत्रांची ठरलेली बातमी. पारा फार उतरला की खायच्या द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. वाइनच्या पांढऱ्या द्राक्षाला मात्र ही थंडी पथ्यावर पडते. त्याचा मणी लहान, साल जाड, आत बी. थॉम्पसन या खायच्या जातीसारखं त्याला जीएत, म्हणजे जिबरेलिक ॲसिडमध्ये, बुडवून फुगवायचं नसतं. रस थोडा असला तरी चालतो, दाट हवा. तोडणी जवळ आली की बागवाला सकाळीच ओळीतून फिरतो. दहा-बारा वेलींवरून, घडाच्या वरून, मधून आणि टोकाकडून मणी तोडतो, पिशवीत चुरडतो, दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो आणि नळी उजेडाकडे धरतो. निळ्या-पांढऱ्याची सीमा वीसवर, एकविसावर, बावीसवर. पण ब्रिक्स एवढंच सांगतो की साखर किती आली. आंबटपणासाठी नमुना वायनरीच्या प्रयोगशाळेत जातो, आणि त्यानंतर बी चावून बघायचं: हिरवं, तुरट की तपकिरी, कुरकुरीत. ठरलं की पहाटे अंधारात तोडणी सुरू होते, क्रेट ऊन चढायच्या आत वायनरीत पोहोचायला हवेत. तिथं रस लगेच पिळून, थंड करून, स्टीलच्या टाकीत ठेवला जातो. पंधरा अंशांच्या आसपास, दोन-तीन आठवडे, संथपणे. गरम टाकीत यीस्ट धावत सुटतं आणि पेरू, लिंबू, फुलांचे वास वाऱ्यावर जातात.

आता प्रश्न पडतो की एवढा आटापिटा करून नाशिकची बरीचशी शेनिन थोडी गोडसर का असते. सुलाची शेनिन सुरुवातीपासून अशीच आहे आणि ती खपतेही उत्तम. कारण सरळ आहे. आपल्याकडे वाइनची ओळख नवी, कोरड्या वाइनचा पहिला घोट बहुतेकांना आंबट लागतो. शिवाय अल्कोहोलनं मिरचीचा तिखटपणा वाढतो आणि थोड्या साखरेनं तो निवतो. झणझणीत रश्श्याबरोबर गोडसर वाइन जास्त सुखाची, हे मान्यच केलं पाहिजे. पण रव्यात घोळून तळलेली सुरमई, कुरकुरीत बोंबील, लिंबू पिळलेल्या तिसऱ्या यांच्यापाशी कोरडी शेनिन बसवली की तिच्या आंबटपणाचा उपयोग कळतो. ल्वारकाठी ती नदीतले मासे आणि शेळीच्या दुधाचं चीज यांच्याबरोबर पितात, तेही याच कारणानं.

मोठ्या कंपनीला शेकडो शेतकऱ्यांकडून, करारानं घेतलेली द्राक्षं ठरलेल्या दिवसांत पिळायची असतात. ट्रकची रांग लागलेली असताना तोडणीसाठी दोन दिवस थांबणं परवडत नाही. घरच्या बागेत ते जमतं, आणि ज्यांनी जमवलं त्यांची उदाहरणं आहेत. निफाडजवळ कुंदेवाडीत यतिन आणि किरण पाटील या दांपत्यानं घरच्या जमिनीवरच्या द्राक्षांतून ‘रेव्हेलो’ काढली, इटलीतल्या वाइनमेकरची मदत घेतली आणि सिसिलीची ग्रिलो ही पांढरी जात नाशिकच्या मातीत लावण्याचं धाडस केलं. उष्ण हवेतही आंबटपणा धरून ठेवणारी जात निवडणं, हा घड्याळाच्या उलटेपणावरचा दुसरा उपाय. गंगापूर धरणाकाठी गुरनानी कुटुंबाची ‘यॉर्क’ 2006मध्ये सुरू झाली. नाव ऐकायला इंग्रजी, पण ते योगिता, रवी आणि कैलास या तीन मुलांच्या नावांतून जुळवलेलं. कैलास ॲडलेडला वाइनशास्त्र शिकून आला आणि वायनरीचा वाइनमेकर झाला. 2021मध्ये यॉर्क सुलानं विकत घेतली.

या व्यवहारात वाईट वाटून घ्यायचं काही नाही, पण त्यातून गणित दिसतं. वेल लावल्यापासून धड पीक यायला तीन वर्षं जातात. टाक्या, शीतकरण, प्रेस, बाटल्या, लेबल यांचा खर्च एक एकराला शंभर एकरांपेक्षा जास्त डोईजड. लाल वाइन पिंपात ठेवली तर पैसे अडकतात. पांढरी मात्र फेब्रुवारीत तोडली की पावसाळ्याच्या आत बाटलीत जाते, म्हणून नव्या वायनरीला तिचाच आधार असतो. 2008नंतर मंदी आली तेव्हा मागणी घसरली, वाइनची द्राक्षं बागेत पडून राहिली आणि अनेक शेतकऱ्यांनी त्या बागा तोडून पुन्हा खायच्या द्राक्षांकडे मोर्चा वळवला. जानेवारी 2022मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, त्यावर एवढा गदारोळ झाला की निर्णय कागदावरच राहिला. छोट्या वायनरीला आजही खरा ग्राहक मिळतो तो तिच्या दारात, चव घ्यायला आलेला. आणि या सगळ्यावर फेब्रुवारीतली एक गारपीट. ज्याच्याकडे बागेचा एकच तुकडा आहे, त्याचं अख्खं वर्ष अर्ध्या तासात जातं. दहा तालुक्यांतून माल घेणाऱ्याचं जात नाही. आभाळ भरून आलं असताना आणखी चार दिवस थांबायचं की आजच तोडायचं, हे ठरवताना छोटा बागवाला चवीइतकाच कर्जाच्या हप्त्याचाही विचार करत असतो.

तेव्हा पुढच्या पानांत साव्हेनिएर आणि नाशिक शेजारी-शेजारी भेटतील ते तुलनेत कोणाला तरी वर ठरवण्यासाठी नव्हे. खोली आणि वय यांत नाशिकची शेनिन अजून त्या उताराच्या जवळपासही नाही. पण ताजेपणा, स्वच्छ फळ आणि किंमत यांत ती कुणापुढे मान खाली घालत नाही. वाचताना हाताशी बाटली असावी असं वाटलं, तर लेबलवरचं साल आधी पाहावं. नाशिकची कोरडी पांढरी वाइन दोन वर्षांच्या आतली घ्यावी. दुकानात ती उन्हातल्या काचेपाशी उभी असेल तर घेऊच नये. फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवावी, कारण बर्फाळ थंडीत आंबटपणाखेरीज काहीच कळत नाही. साव्हेनिएरची बाटली कुणी परदेशातून आणलीच, तर ती चौदा अंशांच्या आसपास, आदल्या संध्याकाळी उघडून. आणि उरली तर बूच लावून दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही चाखून बघावी.